हातभर वायर

त्या यंत्रांबरोबर एक वायर आली होती, हातभर लांबीची, आणि पुढचा सगळा घोळ त्या वायरमुळे झाला. यंत्रं म्हणजे ग्राफ काढणारे कॅल्क्युलेटर. माझा मामा अमेरिकेत एका शाळेत गणित शिकवायचा. तो सुट्टीत बेंगळुरात राजाजीनगरला आमच्याकडे आला तेव्हा एक माझ्यासाठी आणि एक माझ्या चुलतभावासाठी, मोहनसाठी, घेऊन आला. बेरीज-वजाबाकी करायला एवढं विटेसारखं यंत्र कशाला, असं आई म्हणाली. पण ही वीट साधी नव्हती. तिला छोटा पडदा होता, त्यावर वक्ररेषा उमटायच्या, तिच्यात प्रोग्राम लिहिता यायचा, आणि त्या हातभर वायरने दोन विटा एकमेकींना जोडल्या की एकीत टाईप केलेली इंग्रजी अक्षरं दुसरीच्या पडद्यावर उमटायची. पहिल्या दिवशी मी इंग्रजी अक्षरांत ‘जेवायला चल’ असं लिहिलं आणि मोहनने ‘काय केलंय’ असं विचारलं. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. मोहनने वायर उचलून माझ्यासमोर धरली आणि जमेल तसं, अडखळत, म्हणाला की हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला निरोप कशाला पाठवायचा? वायर नको. वायर गेली पाहिजे.

अडखळत म्हटलं ते खरंच. मोहन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, लेखी परीक्षेत कायम पहिल्या दोघा-तिघांत, आणि बोलायला उभा राहिला की पहिल्याच अक्षरावर अडकणारा. अक्षर त्याच्या जिभेवर बसून राहायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. समोरच्याने थोडी कळ काढली तर वाक्य बाहेर यायचं आणि ते चांगलं नेमकं वाक्य असायचं. पण कळ काढणार कोण? आमचं घर म्हणजे सगळ्यांनी एकदम बोलायचं घर. एकाच साईटवर, म्हणजे प्लॉटवर, खाली दोड्डप्पा आणि दोड्डम्मा, म्हणजे माझे थोरले काका-काकू, मोहनचे आईवडील, वर आम्ही, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोड्डप्पांचं वर्कशॉप. काका-काकू असं आमच्यात कुणी म्हणत नसे, पुण्याचे पाहुणे आले की त्यावरून हसायचे, आमच्या ‘स्वल्प थांब’ला आणि आमटीला सारू म्हणण्यालाही हसायचे. सकाळी मागून लेथचा घूं घूं आवाज सुरू झाला की घराचा दिवस सुरू व्हायचा. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सगळ्यांना सवय. आई वरून खाली ओरडून विचारायची, चित्रान्न करू की अवलक्की, म्हणजे फोडणीचा भात की पोहे, आणि दोड्डम्मा खालून ओरडून सांगायची, काहीही कर पण मोहरी जाळू नकोस.

या गलक्यात मोहन ‘म… म…’ करत उभा राहायचा आणि कुणीतरी त्याचं वाक्य पुरं करून टाकायचं. यात वाईट हेतू नव्हता, हे मी आजही सांगेन, पण सांगताना माझ्या कपाळावर आठी येतेच. दोड्डप्पा यात सगळ्यांच्या पुढे. पोराचे हाल त्यांना बघवत नसत, म्हणून तो ‘प’ म्हणाला की ते ‘पाणी हवंय ना? सुमा, पाणी दे गं’ म्हणायचे. मी पाणी आणून द्यायची. मोहन ते पाणी पिऊन टाकायचा. त्याला बहुतेक वेळा पाणी नको असायचं, पक्कड हवी असायची. मी त्याला एकदा विचारलं होतं, मोहनण्णा, तू नाही का म्हणत नाहीस? तर त्याने हाताने खूण केली, की ‘नाही’ म्हणायलाही वेळ लागतो.

म्हणून त्या यंत्रांचं त्याला एवढं वेड का लागलं हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ती वायर कशी चालते हे त्याने शोधून काढलं तेव्हा मला ते दाखवताना तो जवळजवळ सलग बोलला. वायरच्या आत दोन तारा होत्या. एक यंत्र एक तार खाली ओढायचं, म्हणजे एक कण पाठवला. तो मिळाला की दुसरं यंत्र दुसरी तार खाली ओढून सांगायचं, मिळाला. हे झाल्याशिवाय पुढचा कण जायचाच नाही. गोष्ट सांगणाऱ्याने ‘एक होता राजा’ म्हटलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा आणि मगच ‘त्याला दोन राण्या’ असं पुढे जायचं, तसंच हुबेहूब. मोहनला हे फार आवडलं होतं. सांगणारा थांबतो, ऐकणारा हुंकार देतो, कुणी कुणाच्या पुढे पळत नाही. फक्त एक अट होती. हुंकार फार वेळ आला नाही तर यंत्र कंटाळायचं आणि पडद्यावर ‘एरर’ असा शब्द टाकून गप्प बसायचं.

वायर काढून टाकायची तर हा हुंकारच आड यायचा. एकाच बाजूने बोलायचं असतं तर काम सोपं होतं, रेडिओवाले तेच करतात. इथे प्रत्येक कणाला इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जायचं होतं, तेही यंत्र कंटाळायच्या आत. मोहनच्या एका मित्राने कुठल्याशा कॉम्प्युटरवरून काही कागद छापून आणले होते. परदेशातली आमच्यासारखीच हौशी पोरं याच गोष्टीवर एकमेकांशी वाद घालत होती. कुणी म्हणत होतं रेडिओ वापरा, कुणी कॉर्डलेस फोन फोडा, कुणी खेळण्यातल्या मोटारीचा रिमोट. मी ते कागद आशेने शेवटपर्यंत वाचले. सगळ्यांकडे कल्पना होत्या, काम झालेलं एकाचंही नव्हतं. शेवटी एकाने लिहिलं होतं की त्यापेक्षा लांब वायर घ्या. मी ते कागद चुरगळून टाकले आणि मोहनने ते उचलून पुन्हा सरळ केले.

आम्ही आधी रेडिओच्या नादाला लागलो. दर शनिवारी बस पकडून एस. पी. रोडला जायचं, दुकानदाराला हवा तो भाग सांगायचा, त्याने ‘अदु इल्ला, ते नाही, हे घ्या, सेमच आहे’ म्हणून दुसराच द्यायचा, घरी येऊन तो लावायचा आणि तो सेम नाही हे कळायचं. ते सर्किट चाललं तेव्हा यंत्रांवर काही उमटलं नाही, पण शेजारच्या अक्कांच्या रेडिओवर भावगीतांच्या कार्यक्रमात खरखर सुरू झाली आणि त्या तावातावाने जिन्यात आल्या. दोड्डप्पांनी वायरलेस म्हणजे पोलीस एवढंच ऐकलेलं. सरकारी परवान्याशिवाय असलं काही घरात चालणार नाही, म्हणून त्यांनी ते बंद पाडलं. मला राग आला, पण खरं सांगायचं तर ते तसंही चालत नव्हतं. एका बाजूचा रेडिओ बोलू लागला की स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बंद व्हायचे आणि समोरून आलेला हुंकार त्याला ऐकूच यायचा नाही. आमच्या घरात हा दोष फक्त रेडिओला नव्हता, पण तो विषय सोडा.

मग मोहनने टी.व्ही.चा रिमोट उघडून बघितला. त्याच्या टोकाला जो छोटा दिवा असतो त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला इन्फ्रारेड म्हणतात. हा उजेड सरळ जातो, परवाना लागत नाही, शेजारच्या अक्का येत नाहीत. प्रत्येक यंत्राला त्याने एक डबी केली. तिच्यात पाठवायला दोन दिवे आणि बघायला दोन डोळे. दिव्यांचा उजेड डबीच्या स्वतःच्याच डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्या सगळ्यांवर अगरबत्तीच्या पुठ्ठ्याच्या नळ्या बसवल्या, आतून काळ्या रंगवलेल्या. डबी समोरून बघितली की चार तोंडांच्या एखाद्या प्राण्यासारखी दिसायची. उदबत्तीचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

किती महिने गेले ते आता आठवत नाही. आठवतो तो त्रास. एक बाजू चालली की दुसरी बंद. दोन्ही चालल्या की बॅटरी संपलेली. डिंकाने चिकटवलेली नळी कामाच्या ऐन वेळी मान टाकायची. गच्चीवर गेलो तर उन्हात यंत्र ठार आंधळं व्हायचं, डोळ्यांना सगळीकडे उजेडच उजेड दिसायचा आणि त्यात आमच्या दिव्याचा उजेड कुठे बुडून गेला ते कळायचं नाही. म्हणून आम्ही शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली काम करू लागलो. तिथे ते चालायचं. लाईट गेली की मात्र आम्ही थांबायचो, कारण सोल्डरिंग आयर्न गार व्हायचं आणि दोड्डम्मा हाक मारायची, अंधारात काय करताय, घरात येऊन बसा. मेणबत्ती लावून ते यंत्र चालवून बघावं असं आमच्या मनात एकदाही आलं नाही. कशाला येईल? एक दिवस शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लेथच्या डोक्यावरून, माझ्या पडद्यावर एकेक करून अक्षरं आली. प्रोग्राम आम्ही मुद्दामच तसा लिहिला होता, एक अक्षर दाबलं की एकच जाईल, म्हणजे घोडं कुठे पेंड खातंय ते कळेल. मी आनंदाने ओरडले आणि लेथच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही.

त्याच सुमाराला मोहनच्या दोन मुलाखती झाल्या आणि दोन्हीकडे तो स्वतःचं नाव सांगता सांगता अडकला. ‘म’ हे त्याचं सगळ्यात वाईट अक्षर, आणि आईबापांनी नाव नेमकं त्यावरच ठेवलेलं. दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी त्याला फार प्रेमाने सांगितलं की घाई नाही, लिहून दिलंत तरी चालेल, आणि लिहून दिल्यावर आणखी प्रेमाने घरी पाठवलं. दोड्डप्पांनी ठरवून टाकलं, आता खूप झालं, दसऱ्यानंतर पोरगा लेथवर उभा राहील. तिथे बोलावं लागत नाही. त्यांच्या दृष्टीने ती सोय होती. मोहनने तीन दिवस जेवणाच्या ताटावरून मान वर केली नाही. त्याला लेथचा तिटकारा नव्हता. पण आपल्याला बोलता येत नाही म्हणून आपल्याला इथे उभं करताहेत, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, एरवी भावापुढे ब्र न काढणाऱ्या माणसाने, एक गोष्ट केली. आमच्या वर्कशॉपमधून पितळी बुश विकत घेणारे शेषाद्री म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक मीटरचा कारखाना होता. अण्णांनी त्यांना मोहनबद्दल सांगितलं. शेषाद्री म्हणाले, मला बोलणारी माणसं भरपूर मिळतात, मुलाने काही केलं असेल तर दाखवू दे. आयुधपूजेला तुमच्याकडे प्रसादाला येतोच, तेव्हा बघतो. चाललं तर त्याला माझ्या लॅबमध्ये ठेवतो. दोड्डप्पाही म्हणाले, सरी, चालेल, साहेबांनी नेला तर मी अडवणार नाही. म्हणजे मुलाखत होती, पण यंत्राची. मोहनला तोंड उघडायची गरजच नव्हती. त्या दिवशी मी त्याला शीळ घालताना ऐकलं, आणि शीळ घालताना तो कधीच अडखळत नसे.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. बेंगळुरात त्या दिवशी बसला, रिक्षेला, वजनकाट्याला, सगळ्यांना हार घालतात. आमच्या शेडमध्ये आदल्या दिवशी लेथ रॉकेलने पुसून काढायचे, फरशीवरचा धातूचा कीस झाडायचा, दाराला केळीचे खांब बांधायचे. हातोडी, पाने, पकडी, मोजायची साधनं सगळी एका पाटावर मांडायची, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काहीही हलवायचं नाही, वापरायचं नाही. आयुधांना त्या दिवशी विश्रांती. आमची डबी आणि कॅल्क्युलेटर पूजेत ठेवू नयेत म्हणून मी दोड्डप्पांशी वाद घातला. ते म्हणाले, “पूजेत नसलेलं आयुध चालत नाही.” मी म्हटलं, पूजेत असलेलं चालवायचं नसतं, मग साहेबांना दाखवायचं कसं? यावर त्यांनी बराच विचार केला आणि तोडगा काढला. मोहनचं यंत्र पूजेत राहील. जागचं हलवायचं नाही, बसल्या जागी बटणं दाबायची. दुसरं यंत्र घेऊन मी दाराशी उभी राहीन. आम्हाला तो विजयच वाटला. हळदकुंकू लागणार हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मोहनने चारही नळ्यांच्या तोंडाला स्वच्छ प्लास्टिक चिकटवलं. आपण सगळ्या अडचणी ओळखून आहोत असा आमचा समज होता.

दुपारी शेड माणसांनी भरलं. कामगार नवे शर्ट घालून बायकापोरांसह आलेले. कापूर, झेंडू, रॉकेल आणि ओबट्टूचं, म्हणजे पुरणपोळीचं, तूप असा एक वास. दारात कोहळा फोडून त्यात कुंकू भरलं होतं, मुलांच्या हातात कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या, पुड्या. सकाळपासून आम्ही दोनदा चालवून बघितलं होतं, दोन्ही वेळा ‘श्री’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत नीट पोचला होता. मग पूजा झाली. दोड्डम्माने सगळ्या आयुधांना गंध-फूल वाहिलं आणि शेवटी आपल्या मुलाच्या यंत्रापाशी आली. आज त्याच्यामुळे पोराचं नशीब उघडणार होतं. ती घरात जाऊन मोठी समई घेऊन आली, पाचही वाती लावल्या, आणि ती समई चौरंगावर, त्या चार नळ्यांच्या तोंडासमोर जराशी बाजूला, अशी ठेवली की यंत्राचं तोंड कसं उजळून निघालं. मग तिने हात जोडले. मी दाराशी उभी राहून ते सगळं बघत होते आणि मलाही ते फार छान वाटलं होतं.

शेषाद्री साहेब वेळेवर आले. पांढरा शर्ट, कपाळावर आधीच चार कारखान्यांचं कुंकू. “नोडोण,” म्हणाले, बघू या. मोहन पाटापाशी मांडी घालून बसला. मी माझी डबी त्याच्या दिशेने धरली, इतक्या वेळा धरली होती की हाताला जागा पाठ होती. त्याने पहिलं अक्षर दाबलं. माझ्या पडद्यावर काहीच नाही. मग त्याच्याकडे एरर. मी डबी जरा हलवली. पुन्हा एरर. मी बॅटरी दाबून बघितली, तिथून ओरडले, “मोहनण्णा, परत.” परत एरर. लोक आधी कौतुकाने गप्प होते, मग कुजबुजू लागले. कुठे माशी शिंकली ते मला कळेना. डबी सोडून त्याच्याकडे धावले असते तर नेम चुकला असता, म्हणून मी खांबासारखी दारात उभी. तपासायला मीटर लागणार होता, आणि मीटर पाटावर, हार घालून, विश्रांती घेत होता.

मोहनने एकदा नळ्यांकडे बघितलं, एकदा समईकडे, आणि त्याचा चेहरा बदलला. मी तो बदल लांबून बघितला. त्याने मान वर करून दोड्डप्पांकडे बघितलं आणि बोलायला लागला. “दि… दि…” मान ताठ झाली, डोळे मिटले. दोड्डप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून घाईने म्हणाले, “दिसतंय रे, दिसतंय मला. राहू दे आता. साहेबांना उशीर होतोय.” मोहनने जोराने मान हलवली, पुन्हा ‘दि’वर अडकला, आणि मग बोलणं सोडून देऊन त्याने सरळ समईकडे हात नेला. दोड्डम्माने तो वरच्यावर धरला. “अय्यो, खंडेनवमीला दिवा मालवतोस? वेड लागलं का तुला?” सगळ्यांना वाटलं, यंत्र चाललं नाही म्हणून पोरगा देवावर राग काढतोय. मलाही तेच वाटलं. दोड्डप्पांचा चेहरा शरमेने काळवंडला. शेषाद्री साहेब सज्जन माणूस, त्यांनी तिकडे न बघितल्यासारखं केलं, अण्णांच्या हातून प्रसाद घेतला, “इन्नोंदु दिवसा नोडोण,” आणखी कधीतरी बघू, असं म्हणाले आणि पुढच्या कारखान्याच्या पूजेला निघून गेले. मोहन हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याच्यासमोर समई सुरेख तेवत होती.

मी पुढे पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवला. ट्यूबलाइट डोळ्यांना लखलखीत दिसते, पण तिच्यात तो अदृश्य उजेड फार थोडा असतो. तेलाची ज्योत मिणमिणती दिसते, आणि ती जवळजवळ सगळी त्याच उजेडाची असते. समोर पाच वाती लावून आम्ही त्या यंत्राच्या डोळ्यांपुढे भर दुपारचं ऊन आणून ठेवलं होतं, आणि माझ्या डबीचा हुंकार त्यात बुडून गेला होता. टी.व्ही.चा रिमोट असल्या दिव्याला फसत नाही, कारण त्याचा उजेड एका ठरलेल्या लयीत फार वेगाने लुकलुकतो आणि टी.व्ही. तेवढाच ओळखतो. आमचा उजेड साधाभोळा, नुसता पेटायचा. हे मी किती वर्षं मुलांना फळ्यावर शिकवलं आणि दर वर्षी तो तास संपला की माझं डोकं दुखायचं. आता सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिते आहे तरी दुखतंच. चार बोटं, फक्त चार बोटं ती समई बाजूला सरकवायची होती. कुणी खलनायक असता तर रागवायला बरं पडलं असतं. तिथे तर सगळे त्याच्या भल्यासाठीच जमले होते.

ती जागा गेली ती गेलीच. मी नंतर शेषाद्रींच्या कारखान्यात जाऊन सगळं समजावून सांगितलं, म्हणजे वरातीमागून घोडं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, अगदी पटलं म्हणाले, आणि आतल्या खोलीत नवीन घेतलेला मुलगा कामाला लागलेला मला काचेतून दिसत होता. मोहन लेथवर उभा राहिला. आज ते वर्कशॉप त्याचं आहे, कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आहेत, लोक त्याला मानतात. माझं चांगलं झालं, तू उगाच उगाळत बसतेस, असं तो मला फोनवर लिहून पाठवतो. असेल. पण त्या दिवशी जे जायचं होतं ते अशा तऱ्हेने जायला नको होतं, हे माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी खाली आले तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एवढं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं. दोड्डम्मा डोळे पुसत तांदूळ निवडत होती. शेडमध्ये उत्तरपूजा नुकतीच झाली होती, हार अजून तसेच. मोहन कालच्याच जागी मांडी घालून बसला होता. मला बघून त्याने दाराकडे बोट केलं. मी म्हटलं, मोहनण्णा, आता कशाला? त्याने पुन्हा बोट केलं. मी चिडून माझी डबी उचलली, दाराशी जाऊन उभी राहिले आणि त्याच्या दिशेने धरली. पडद्यावर पहिलं अक्षर आलं. मग दुसरं. यंत्र हुंकार देत होतं आणि तो पुढचं दाबत होता, सावकाश, जराही न अडकता. इंग्रजी अक्षरं, पण वाक्य मराठी. मध्ये कुणी पाणी आणलं नाही. कुणाला ते पुरं करता आलं नाही. ‘मी सांगत होतो.’

दोड्डप्पा हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन दारातून आत येत होते. सोनं द्यायला आलेले, पण पोराला कसं द्यावं ते न कळून थबकलेले. माझ्या हातातला पडदा त्यांना दिसला. “काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. ते मोहनसमोर जाऊन उभे राहिले. “काय सांगत होतास?”

मोहन बोलायला लागला आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. मान ताठ झाली, डोळे मिटले. दोड्डप्पांचे ओठ सवयीने हलले. मग त्यांनी ते मिटून घेतले. पानं धरलेला हात खाली आला. दोड्डम्मा तांदळाचं सूप घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. बराच वेळ गेला, आणि त्या वेळात आमच्यापैकी कुणीही त्याच्या आधी तो शब्द म्हटला नाही.

“दिवा,” मोहन म्हणाला.

दोड्डप्पांनी समईकडे बघितलं. तेल संपून ती पहाटेच शांत झाली होती.